स्वतःच्या गावात खोली घेणारा माणूस

इवाई,

वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीत तुमचे गाव, तुमची केळीची बाग, तुमची मनमोकळी वृत्ती हे सारे आले आहे. फोटोही बरा निवडला आहे. ते पुन्हा लिहिण्याची मला गरज वाटत नाही. त्यात एकच गोष्ट राहिली. नांदेडात स्वतःचे चांगले दुमजली घर असताना हा माणूस बायको, मुलगा आणि सुनेला घेऊन नांदेडातल्याच हॉटेलात मुक्कामाला जात असे, हे कोणी लिहिले नाही. बहुधा त्याचे कारण कोणाला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. ते कारण मीच होतो.

माझी वैशाली तुमच्या संतोषला दिली तेव्हापासून तुम्ही माझे व्याही. आपल्या बोलीत इवाई. आपली ओळख दोन कुटुंबांनी मांडवात करून दिली. ती पुढे टिकली ती मात्र मी न जेवल्यामुळे, असे आज म्हणावे लागते.

मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचे नाही, ही रीत मी घरात पाहिली होती. माझी मोठी बहीण देवणीला दिली होती. वडील तिच्याकडे जात तेव्हा भाकरी फडक्यात बांधून नेत आणि गोठ्यापाशी बसून खात. बहीण आडोशाला उभी राहून बघत असे. पहिला भाचा झाला त्या वर्षी वडील तिच्या चुलीपाशी बसून पोटभर जेवले आणि तो दिवस ती म्हातारपणीही सांगत असे. त्या रीतीत एक दार होते. ते उघडायचे ठरलेले होते, म्हणून बंद असताना त्याचा कोणाला जाच वाटत नसे.

लग्नानंतर मी प्रथम तुमच्याकडे आलो तेव्हा वैशालीने ताट वाढून आणले. मी हात जोडले. तिला रीत ठाऊक होती, तरी ती ताट घेऊन थोडा वेळ तशीच उभी राहिली. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता. तुम्ही तिच्याकडे बघत होता. मग एकदम उठलात आणि म्हणालात, "संतोष, गाडी काढ. समदे चला."

तुम्ही आम्हाला गुरुद्वाऱ्यात नेलेत. लंगरच्या पंगतीत मला तुमच्या शेजारी बसवलेत. "इवाई, हे गुरूचं घर हाय. हितं तुमी पावणे न्हाई अन् मी मालक न्हाई. आता तरी जेवाल का?" मी दोन्ही हात पसरून रोटी घेतली. वैशाली समोरच्या ओळीत होती. मी घास घेतल्यावर ती जेवू लागली.  

दुसऱ्या खेपेला हॉटेल आले. मी आणि माझी पत्नी लातूरहून आलो, तर बसस्थानकावर तुम्ही सहकुटुंब उभे. विहीणबाईंच्या हातात पिशवी, वैशालीच्या खांद्यावर बॅग. मला वाटले, तुम्ही कोठे तरी परगावी निघाला आहात. तुम्ही आम्हाला स्टेशन रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलात घेऊन गेलात. काउंटरवरच्या मॅनेजरने तुमचे आधार कार्ड उलटसुलट पाहिले.

"काका, हे तर नांदेडचंच हाय."

"मंग? नांदेड काय परदेशात हाय का?"

"तसं न्हाई. लोकल माणसाला आमी रूम देत न्हाई. नियम हाय."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "घ्या इवाई. तुमच्यासारखा अजून एक हितं बसलाय."

मॅनेजर सभ्य होता. त्याने विचारले, "घर कुठं हाय तुमचं?"

"हे काय, पुलाच्या पल्याड."

"मंग घरी कामून जात न्हाई?"

"घरी जेवायची सोय न्हाई, बाबा."

विहीणबाई तुमच्या मागेच उभ्या होत्या. "अगं बया! आजवर काय उपाशी ठिवलं का म्या तुमाला?" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की सोफ्यावर बसलेले दुसरे कुटुंबही हसू लागले. वैशाली हसली. लग्नानंतर मी तिला तशी हसताना प्रथम पाहिले.

शेवटी दोन खोल्या माझ्या नावावर घेतल्या. तुम्ही मॅनेजरला म्हणालात, "असं लिवा, हे लातूरचे पावणे. अन् आमी त्यांचे पावणे." वर गेल्यावर तुम्ही पलंगावर बसून तो दोनदा दाबून पाहिलात आणि मला म्हणालात, "आता हे घर तुमचं. आमाला जेवू घाला." तुमचा डाव मला तेव्हा कळला. तुमच्याच गावात तुम्ही माझे पाहुणे झाला होता. मुलीच्या सासरची माणसे बापाच्या दारात जेवतात, त्याला कोणतीही रीत आड येत नाही.

माझी सारी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. हद्दीचा दगड एका रात्रीत इकडचा तिकडे झालेला मी अनेकदा पाहिला आहे. तुमच्याइतक्या सफाईने तो कोणी हलवला नाही.

त्यानंतर ती प्रथाच पडली. आधी तुमच्या घरी टेकायचे, वैशालीने ताट आणायचे, मी हात जोडायचे, मग सगळ्यांनी हॉटेल गाठायचे. सुट्या जुळल्या की तुमचा फोन येई, "इवाई, नवीन हाटेल झालंय. लिफ्ट हाय." मला सहलींची हौस कधी नव्हती. एका ठिकाणी उशी जाड असे, दुसरीकडे वातानुकूलन यंत्र रात्रभर कण्हत असे. तुम्हाला सारेच आवडे. सकाळच्या न्याहारीला तुम्ही टेबलावरच्या प्रत्येक भांड्याचे झाकण उचलून आत बघत असा आणि मोठ्या आवाजात घोषणा करत असा. "उपमा हाय! हे काय, गवत शिजवलंय का?" केळी ठेवलेली असली की एक उचलून वास घेत असा आणि परत ठेवत असा. "पावडरनं पिकवलेली," असे माझ्या कानात सांगत असा. वाढप्याला "मालक" म्हणत असा आणि भाकरी मिळेल का, हे प्रत्येक वेळी विचारत असा. भाकरी कधीच नसे. तरी विचारत असा.

विहीणबाई पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलापाशी नुसत्या बसून राहिल्या होत्या. आयते ताट समोर आल्यावर हातांचे काय करायचे, ते त्यांना सुचत नव्हते. त्या टेबल पुसू लागल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या वाढप्याला सूचना देऊ लागल्या आणि नंतर तर भाजी परत पाठवण्यापर्यंत त्यांची प्रगती झाली. माझी पत्नी त्यांच्याबरोबर किल्ल्याच्या बागेत फिरत असे, घाटावर बसत असे. ती तुमच्या घरी स्वयंपाकघरात वैशालीच्या हातचा चहा घेत होती, हे मला ठाऊक होते. मला ठाऊक आहे हे तुम्हालाही ठाऊक होते. आपण त्यावर कधी बोललो नाही. अशा पुष्कळ गोष्टींवर आपण बोललो नाही, म्हणून आपले जमले.

विष्णुपुरीच्या धरणावर उभे राहून तुम्ही एकदा मला विचारलेत, "तुमाला कंदी मजा येती का हो इवाई?" मी म्हणालो, "येते." तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलेत आणि म्हणालात, "पोरीला कळवा मंग." मी तेव्हा उत्तर दिले नाही. आता देतो. येत होती.

वर्षे गेली. वैशालीला मूल झाले नाही. हे वाक्य मी आयुष्यात प्रथम लिहितो आहे. उच्चारले तर अजूनही नाही.

हैदराबादची सहल तुम्हीच ठरवलीत. चारमिनार, सालारजंग, बिर्याणी, सारा बेत तुम्ही फोनवर सांगितलात आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणालात, "तिथं एक डाक्टरीणबाई हाय. संतोषनं वेळ घेतलीय. पण ते सहलीतलं एक काम समजा. सहल म्हंजी सहलच." आपण खरोखरच चारमिनार पाहिला. वैशालीने सासूला आणि आईला बांगड्या घेतल्या. आईला घेताना तिने आईचे माप तोंडपाठ सांगितले. दुसऱ्या दिवशी ती आणि संतोष दवाखान्यात गेले. बायका सोबत गेल्या. तुम्ही मला हुसेनसागरच्या काठी नेलेत. एका बाकावर बसून आपण पाण्यातल्या बोटी बघत होतो. तुम्ही भुईमुगाच्या शेंगा घेतल्या होत्या आणि एकही फोडली नव्हती.

"इवाई, एक बोलू का? राग न्हाई ना?"

"बोला."

"एकडाव पोरीच्या हातचं पाणी प्या. लेकरू व्हायचं तवा व्हईल."

मी म्हणालो, "आज प्यालो तर ती काय समजेल? बापाने आशा सोडली, हेच ना?"

"अन् न्हाई पिलात तर काय समजती? दर बारीला ताट घिऊन माघारी जाती, तवा काय समजती?"

मी पाण्याकडे बघू लागलो. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ द्या. बोट लई छान हाय." पण बोटीकडे आपले दोघांचेही लक्ष नव्हते. माझे म्हणणे चुकीचे होते, असे मी आजही मानत नाही. ज्या दिवशी मी त्या घरी घास घेईन, त्या दिवशी सगळ्या गावाला आणि माझ्या लेकीला मी जाहीर करीन की आता वाट बघण्यासारखे काही उरले नाही. ते माझ्या तोंडून जाहीर व्हावे, हे मला मान्य नव्हते. तुमचेही म्हणणे चुकीचे नव्हते. दोन मोजण्या वेगवेगळ्या निघाल्या आणि दोन्ही बरोबर निघाल्या, अशी जमीन मी तोवर पाहिली नव्हती.

ती मंडळी रिक्षातून उतरली. वैशाली सरळ तुमच्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, भूक लागलीय." कोणी काही विचारले नाही. रेस्टॉरंटमध्ये तुम्ही कार्ड न बघताच म्हणालात, "जे जे हाय ते आणा." टेबलावर ताटल्या ठेवायला जागा उरली नाही. तुम्ही तिच्या ताटात वाढत राहिलात आणि ती खात राहिली. नेमून दिलेले काम माणूस संपवतो, तशी ती खात होती. शेवटी खुबानीचा गोड पदार्थ आला. तुम्ही तिची वाटी भरलीत आणि म्हणालात, "ही तुझ्या बापाकडून." ती माझ्याकडे बघून हसली. मला ते हसू नको होते.

हैदराबादहून परतल्यावर तुम्ही लातुरात आमच्या घरी जेवणे बंद केलेत. पाणी पिऊन उठत असा. "तुमी माझ्याकडं न्हाई, मी तुमच्याकडं न्हाई. हिशेब बरूबर." माझ्या पत्नीने पुरणपोळ्या केल्या होत्या. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तुमच्याशी मात्र फोनवर बोलली. मग लातुरातही हॉटेल सुरू झाले. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आम्ही बॅग घेऊन मुक्कामाला निघालो, तेव्हा शेजाऱ्यांनी घराला रंग देणे चालू आहे का, असे विचारले. मी होय म्हणालो.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही लातूरला आलात ती शेवटची खेप. तुम्हाला धाप लागत होती. तरी गंजगोलाईच्या बाजारात फिरायचा हट्ट धरलात. मधोमध उभे राहून तुम्ही चारी बाजूंनी येऊन मिळणारे रस्ते बघत होता. म्हणालात, "एवढे रस्ते हितं येतेत अन् तुमाला माझ्या घरचा एक सापडंना." मी म्हणालो, "चला, ऊन लागेल." विहीणबाईंनी तेथे एक पितळी तांब्या घेतला. हॉटेलात परतल्यावर तुम्ही जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसलात. लिफ्ट बंद होती. मी तुमच्या शेजारी बसलो. आपण दोघे बराच वेळ तेथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत अडथळा करत होतो. तुम्ही प्रत्येकाला सांगत होता, "जावा जावा, आमी हितंच उतरलोय."

नंतर एकदा तुमचा फोन आला. आवाज बारीक होता. "इवाई, आता जिने व्हत न्हाईत. या बारीला हाटेल न्हाई. घरीच या." तुम्ही जेवायला या, असे म्हणाला नाहीत. त्याची गरज नव्हती. मी म्हणालो, "बघू." तुम्ही म्हणालात, "हाव, बघा." त्यापुढे काही विचारायचे राहिले असेल तर ते तुम्ही विचारले नाहीत.

बातमी आली त्या दिवशी आम्ही लातूरहून पिठले-भाकरी घेऊन निघालो. दुःखाच्या घरी चूल पेटलेली नसते आणि पहिला कडू घास इवायाने न्यायचा असतो. मी संतोषला घास भरवला. विहीणबाई नको म्हणत होत्या. माझ्या पत्नीने त्यांना भरवले. वैशालीने स्वतःच्या हाताने खाल्ले. मी उभा होतो. अन्न माझ्या घरचे होते, जागा तुमची होती. मी घास घेतला नाही. त्या दिवशी ते कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. वैशालीच्या आले.

तेराव्याला मांडव घरापुढे घातला होता. पंगतीची शेवटची सतरंजी फाटकाच्या बाहेर, रस्त्यावर आली होती. हे माझ्या नजरेने आल्या आल्या टिपले. तेराव्याला न जेवता परतणे हा तुमचा अपमान झाला असता, आणि रस्ता काही कोणाचे घर नव्हे. मी तिथे जाऊन बसलो. तुम्ही असता तर मोठ्याने हसला असता.

वैशाली फाटकातून बाहेर आली.

"अण्णा, इथं नको. आत चला."

"इथं बरं आहे."

"कामून बरं आहे, ते कळतंय मला. उठा."

माझ्यापुढे पत्रावळ मांडलेली होती. मी उठलो. ती मला मांडवातून, माणसांमधून, तुमच्या हार घातलेल्या फोटोपुढून स्वयंपाकघरात घेऊन गेली. एवढ्या वर्षांत मी ती खोली पाहिली नव्हती. खिडकीत तुळस आहे. ओटा ठेंगणा आहे. तिने पाट मांडला आणि माझ्यासमोर खाली बसली.

"अण्णा, मला आता लेकरू व्हायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी केव्हाच सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

मी विचारले, "का?"

"तुम्ही जेवत नव्हता ना. म्हणजे कोणीतरी अजून वाट बघतंय, असं वाटायचं. ते बरं वाटायचं." मग ती म्हणाली, "अन् ताट परत आणलं की या ओट्यापाशी उभी राहून रडायची. मामांना दोन्ही माहीत होतं."

इवाई, तुम्हाला दोन्ही माहीत होते. त्या बाकावर बसून तुम्ही मला त्यातले अर्धेच सांगितलेत. दुसरे अर्धे ऐकले असते तर मी जिंकलो असतो, आणि मग तुमच्या घरी कधीच जेवलो नसतो, हे तुम्ही ओळखले असणार. की तिने विश्वासाने सांगितलेले तुम्हाला मोडायचे नव्हते? मला ठरवता येत नाही. विचारायला तुम्ही नाही. या वयात नवा वाद घालण्याजोगा दुसरा माणूसही नाही.

वैशाली म्हणाली, "आता वाट बघू नका, अण्णा. दमलात तुम्ही. मीही दमले."

ती रडली नाही. तिने ताट वाढले. बाहेर पंगत उठल्याचा गलका होत होता. कोणी तरी पाण्याचा जग मागत होते. विहीणबाई दारापर्यंत आल्या, मला पाटावर बसलेला पाहून थांबल्या आणि मागे फिरल्या. मी पाणी हातावर घेऊन ताटाभोवती फिरवले. मग जेवलो. वैशाली समोर बसून बघत होती. मी किती घास खातो, ते ती बघत होती असे मला वाटले. म्हणून मी सावकाश जेवलो आणि ताटात काही टाकले नाही.

पाहुण्याने जेवण कसे झाले ते यजमानाला सांगायचे असते. इतकी वर्षे हॉटेलांत ते मॅनेजरला सांगावे लागत होते. आता तुम्हाला सांगतो. भात मऊ होता. वांग्याची भाजी उत्तम होती. वरणात मीठ कमी पडले होते. मी वैशालीला म्हणालो, "मीठ दे." लग्न करून दिल्यापासून तिच्या घरी मी काही मागितल्याचे मला आठवत नाही. ती लगबगीने उठली, बरणी काढली आणि चिमूटभर मीठ माझ्या ताटाच्या कडेला वाढले.